स्टाउटच्या किटमध्ये काय काय घालता येईल?

ओंजळ
नमस्कार मंडळी. घरी बीअर करायचं पहिलंच किट आणलंय, स्टाउटचं, म्हणजे काळ्या, भाजक्या चवीच्या बीअरचं. हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या मॉल्ट अर्काचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा आटवलेला रस) १.७ किलोचा डबा, झाकणाखाली यीस्टची पुडी आणि एक कागद. कागद म्हणतो: डबा गरम पाण्यात विरघळवा, १ किलो साखर घाला, पाणी ओतून २३ लिटर करा, यीस्ट टाका.

मला हवी ती स्टाउट दाट, तोंडात रेंगाळणारी, कॉफी आणि कडू चॉकलेटकडे झुकणारी. नुसत्या किटची बीअर पाणचट होते असं बऱ्याच जणांकडून ऐकलं, म्हणून यादी केली आहे: ओट्स, लॅक्टोज (दुधातली साखर), कॉफी, कोको, व्हॅनिला, थोडं ट्रीकल (काळसर काकवी). यातलं काय, किती आणि कधी घालू? जवळ २५ लिटरचा फर्मेंटर (बीअर आंबवायचं भांडं), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं उपकरण), थर्मामीटर आणि मोठं पातेलं आहे.

मंदआच
स्वागत. यादी चांगली आहे, पण चवीत सगळ्यात मोठा फरक पाडणाऱ्या दोन गोष्टी तिच्यात नाहीत: साखर बदलणं आणि यीस्ट बदलणं.

आधी साखर. साधी साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं. अल्कोहोल होतं, वायू उडून जातो, मागे काही उरत नाही. मॉल्ट अर्काचं तसं नाही. त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग यीस्टला पचत नाही. तो बीअरमध्येच राहतो आणि जिभेला दाट लागतो तो हाच. तेव्हा कागदावरची १ किलो साखर रद्द करा आणि त्या जागी १ किलो सुका मॉल्ट अर्क घ्या. गडद मिळाला तर उत्तम, फिका मिळाला तरी चालेल, रंगाचं काम डबा करतोच.

दुसरं म्हणजे २३ लिटर करू नका, २० वर थांबा. डबा आणि साखर २३ लिटरमध्ये घातली तर सुरुवातीची घनता (साध्या पाण्याची १.०००, साखर विरघळली की वाढते) १.०३९ च्या आसपास येते आणि शेवटची १.००८ पर्यंत उतरते. डबा आणि सुका अर्क २० लिटरमध्ये घेतला तर सुरुवात १.०४४, शेवट १.०१२. अल्कोहोल दोन्हीकडे ४ टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे जवळपास सारखंच. पण घोट घेतल्यावर या दोन बीअर एकाच डब्यातून आल्यात असं कुणी म्हणणार नाही.

मग यीस्ट. पुडीत ५ ते ७ ग्रॅम असतं आणि तो डबा किती महिने कुठल्या उन्हात पडून होता ते आपल्याला कळत नाही. ११ ग्रॅमच्या आसपासचं इंग्लिश एल जातीचं सुकं यीस्ट वेगळं आणा. सॅफेल एस-०४ किंवा नॉटिंगहॅम, दोन्ही स्टाउटला छान. तापमानाबाबत तर कागदाचं अजिबात ऐकू नका. किटवर बरेचदा २१ ते २७ अंश लिहिलेलं असतं. तुम्ही १८ ते २० धरा. यीस्ट जोरात असताना फर्मेंटरच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी चढतं, आणि पहिल्या तीन दिवसांत ते फार चढलं तर पुढे सॉल्व्हंटसारखा वास आणि डोकं धरणारं अल्कोहोल मिळतं. ते कॉफी-कोकोखाली झाकलं जात नाही.

एवढं केलंत तरी अर्धी लढाई जिंकलात. यादीतलं बाकीचं त्यानंतर.

काळीसाय
मंदआच यांच्याशी पूर्ण सहमत. माझ्याकडून एक भर: भाजकं धान्य. किटमध्ये सगळ्यात जास्त कमी पडतो तो ताज्या भाजणीचा वास. अर्क आटवताना तो बराचसा जातो आणि कॉफी घालून तो भरून निघत नाही, कॉफी कॉफीसारखीच लागते.

१५० ग्रॅम भाजलेली बार्ली आणि १५० ग्रॅम क्रिस्टल मॉल्ट (कॅरॅमलसारखा गोडसर) घ्या. बार्लीच्या जागी चॉकलेट मॉल्ट घेतला तरी चालेल (त्यात कोको नसतो, भाजणीचा रंग तसा असतो), तो थोडा सौम्य. धान्य भरडलेलं मागवा. अख्खं मिळालं तर जाड पिशवीत घालून लाटण्याने चेचा. दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे, पीठ व्हायला नको. पीठ झालं तर ते फडक्यातून निसटतं आणि तळाशी चिखल होतो.

पातेल्यात ३ लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवा आणि गॅस बंद करा. धान्य मलमलच्या पिशवीत सैल बांधून सोडा. तापमान ६७-६८ वर येईल. झाकण ठेवून अर्धा तास विसरून जा. पाणी ७७ च्या वर जाऊ देऊ नका, टरफलातला तुरटपणा उतरतो. अर्ध्या तासाने पिशवी उचला, निथळू द्या, बाजूला ठेवा. खाली जे उरतं त्याचा रंग आणि वास बघा एकदा, किटच्या डब्यात हे का नाही असं वाटेल. मग ते पाणी १०-१५ मिनिटं उकळा. धान्यावर जंतू असतातच, न उकळता फर्मेंटरमध्ये घालायचं नाही.

३०० ग्रॅम ऐकायला कमी वाटतं, पण भाजक्या धान्याचं गणित असंच आहे. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनिएल व्हीलरने फिरत्या पिंपात मॉल्ट भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधी पोर्टर (स्टाउटसारखीच गडद बीअर) आणि स्टाउट तपकिरी मॉल्टचे ढीग घालून करत. त्यातून साखर कमी सुटायची, म्हणून धान्य खूप लागायचं. व्हीलरचा काळा मॉल्ट आल्यावर बहुतेक सगळा फिका मॉल्ट आणि वर थोडासा काळा, एवढ्यावर तोच रंग मिळायला लागला. आपण डब्याच्या जोडीला मूठ-दोन मूठ भाजकं धान्य घालतो ते याच हिशोबाने. ५००-६०० ग्रॅम भाजलेली बार्ली घालणारे असतात, पण त्यांची स्टाउट कित्येक महिने जळकट लागते.

सातूप्रेमी
एवढा खटाटोप कशाला? स्टाउटचे दोन डबे घ्या, साखर नको, अर्क नको, २३ लिटर करा. घनता १.०४४ च्या आसपास येते, दाट होते आणि अर्ध्या तासात काम आटोपतं. मी वर्षानुवर्षं असंच करतो, पाहुण्यांना आवडतं.

मंदआच
सातूप्रेमी, पद्धत चालते यात वाद नाही, आणि ज्याला पातेलं चढवायचंच नाही त्याच्यासाठी तीच योग्य. फक्त दोन डब्यांत हॉप्सही दुप्पट येतात, हे ओंजळ यांनी लक्षात घ्यावं. त्यांना कॉफी घालायची आहे. दुप्पट हॉप्सचा कडवटपणा आणि वर कॉफीचा कडवटपणा, घशाशी बसेल. दोन डब्यांची करायची तर कॉफी वगळा.

सातूप्रेमी
मान्य. मी कॉफी घालत नाही, त्यामुळे तो विचार केला नव्हता. दोन डब्यांचीला दोन-तीन महिने मुरायला द्यावे लागतात, हेही खरं.

तळगाळ
ओट्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ओट्स नुसते गरम पाण्यात भिजवून ते पाणी घालू नका. ओट्समध्ये स्टार्च असतो आणि त्याची साखर करणारी विकरं त्या पोह्यांत जिवंत नसतात. नुसता स्टार्च बीअरमध्ये गेला तर गढूळपणा येतो (स्टाउटमध्ये दिसणार नाही, ते सोडा), पण यीस्टला तो खाता येत नाही आणि नको त्या जंतूंना आयतं खाद्य मिळतं.

ओट्स हवेच असतील तर ३०० ग्रॅम ओट्सच्या जोडीला ५०० ग्रॅम भरडलेला फिका मॉल्ट घ्या. अडीच लिटर पाण्यात दोन्ही ६६-६७ अंशांवर तासभर धरा. मॉल्टची विकरं ओट्सचाही स्टार्च फोडतात. काळीसाय यांनी सांगितलेलं भाजकं धान्य शेवटच्या अर्ध्या तासात त्याच पातेल्यात टाकता येतं. तोंडात साटिनसारखा मऊपणा येतो तो असा. तासभर तापमान धरायची तयारी नसेल तर पहिल्या खेपेला ओट्स सोडून द्या.

पाण्याचंही बघा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर आदल्या रात्री अर्धी कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) चुरून घाला, २० लिटरला तेवढी पुरते. क्लोरीन राहिला तर बीअरला औषधी, बँडेजसारखी चव येते आणि ती कधीही जात नाही.

ओंजळ
सगळ्यांचे मनापासून आभार. साखर रद्द, यीस्ट वेगळं, २० लिटर, ओट्स यावेळी नाहीत. भाजकं धान्य नक्की. आता लॅक्टोजबद्दल सांगा. माल्टोडेक्स्ट्रिनही (स्टार्चपासून केलेली पूड) घालतात म्हणे. दोन्ही एकच काम करतात का?

काळीसाय
जवळचं, पण एकच नाही. माल्टोडेक्स्ट्रिन दाटपणा देतं, गोडी जवळजवळ देत नाही. लॅक्टोज दोन्ही देतं, गोडी साखरेपेक्षा बरीच कमी. बीअरचं यीस्ट लॅक्टोज पचवू शकत नाही, म्हणून घातलेलं सगळं बाटलीत पोचतं. यावरच मिल्क स्टाउट उभी आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या हाइथ गावी मॅकेसन ब्रुअरीने १९०७ मध्ये ती बाजारात आणली आणि प्रकार रुळला.

तुम्हाला कॉफी आणि कडू चॉकलेटकडे जायचंय, त्याला मागे थोडी गोडी हवीच. माझं मत लॅक्टोजला. २० लिटरला ३०० ग्रॅम. ५०० ग्रॅमला ती मिठाई व्हायला लागते, आणि एकदा घातलं की काढता येत नाही. भाजक्या धान्याचं पाणी उकळताना त्यातच घाला, लगेच विरघळतं.

ज्यांना दूध पचत नाही त्यांना ही बीअर देऊ नका आणि बाटलीवर तसं लिहा. हे विसरायचं नाही, पिणाऱ्याला चवीवरून कळत नाही. घरात असं कुणी असेल तर सरळ २०० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन घ्या.

उशिराआलो
कॉफीचं माझ्याकडून. मी गरम कॉफी उकळताना घालायचो, ते बंद केलं. उकळीत कॉफीचा सुगंध उडतो आणि राखेसारखा कडवटपणा राहतो. पुढे किण्वनाच्या बुडबुड्यांबरोबर उरलासुरला सुगंधही एअरलॉकमधून (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी नळी) बाहेर. कॉफी शेवटी घालायची, आणि थंड.

१०० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, उकळत्या पाण्याने धुतलेली काचेची बरणी. झाकण लावून १६-१८ तास फ्रिजमध्ये. मग कागदी फिल्टरमधून गाळा. कागदच वापरा, कॉफीचं तेल त्यात अडतं आणि बीअरचा फेस वाचतो. ८०० मिलीच्या आसपास अर्क मिळेल.

तो सगळा एकदम ओतू नका. बाटल्या भरायच्या दिवशी बीअरचे १०० मिलीचे तीन पेले काढा. सिरिंजने एकात २ मिली, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ४ मिली अर्क घाला. चाखा, घरात अजून कुणी असेल त्यांना चाखायला द्या, कुठल्या पेल्यात किती ते सांगू नका. जो आवडेल त्याचा हिशोब सोपा: १०० मिलीला १ मिली म्हणजे २० लिटरला २०० मिली. दोन पेल्यांत अडकलात तर कमीचा निवडा, वायू भरल्यावर कॉफी आणखी टोकदार लागते.

मंदआच
पेल्यांची पद्धत सगळ्यात भरवशाची. कुठल्याही पाककृतीत ग्रॅम लिहिलेले असतात, पण तुमच्या हातातली कॉफी किती भाजलेली आहे ते त्यात नसतं.

कोको, व्हॅनिला आणि ट्रीकल मात्र यावेळी ठेवून द्या असा माझा आग्रह आहे. माहिती हवीच असेल तर: कोको निब्ज (कोकोच्या बियांचे तुकडे) १५० ग्रॅम व्होडकात भिजवून किण्वन संपल्यावर पाच-सात दिवस. चॉकलेटची वडी कधीच नाही, तिच्यातली चरबी फेस मारते. व्हॅनिलाच्या दोन शेंगा चिरून, तशाच व्होडकात. ट्रीकल १०० ग्रॅम पुष्कळ झालं, जास्त घातलं तर लोखंडासारखी चव येते. पण पहिल्याच बीअरमध्ये सहा चवी एकत्र आल्या आणि काही खटकलं, तर दोष कुणाचा ते तुम्हाला आणि आम्हालाही सांगता येणार नाही.

ओंजळ
पटलं. मग अशी ठरवते:
डबा १.७ किलो, गडद सुका अर्क १ किलो, लॅक्टोज ३०० ग्रॅम, भाजलेली बार्ली १५०, क्रिस्टल १५०, एस-०४, २० लिटर, १९ अंश. कॉफी बाटल्या भरताना.
डबाही त्याच पाण्यात उकळू का?

काळीसाय
नाही. डब्यात हॉप्सचा कडवटपणा आधीच बसवलेला आहे, उकळून फायदा काही नाही आणि असलेला थोडा सुगंध जातो. उकळणं संपलं, गॅस बंद केला, की मग डबा ओता. डबा आधी गरम पाण्यात दहा मिनिटं उभा ठेवा, सुरळीत ओघळतो. तळाशी राहिलेलं गरम पाण्याने विसळून घ्या, बराच अर्क तिथे चिकटलेला असतो.

सुका अर्क मात्र वाफेवर धरू नका. पाकिटाचं तोंड वाफेत आलं की आतली पूड दगड होते, चमच्याला गोळा बसतो आणि कितीही ढवळा, तो गोळाच राहतो. गार पाण्यात आधी कालवून घ्या आणि मग ते पातेल्यात. उकळी आली की फेस अचानक वर येतो, तिथून हलू नका.

आणि ते पातेलं तसंच फर्मेंटरमध्ये ओतू नका. ४ लिटर उकळतं आणि १६ लिटर साधं पाणी मिळून ३० अंशांच्या वर जातं, यीस्टला ते फार. झाकण लावून पातेलं गार पाण्यात उभं करा, कोमट झालं की ओता. वरचं पाणी उंचावरून, फेस काढत ओता, सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो. यीस्ट पडल्यानंतर मात्र कुठेही खळबळ नको.

ओंजळ
केली! सुरुवातीची घनता १.०५१. दुसऱ्या दिवशी सकाळी वर तपकिरी फेसाचा जाड थर होता, घरभर भाजणीचा वास.

आता दोन आठवडे होत आले आणि हायड्रोमीटर १.०१९ वर अडकलाय. मंदआच यांनी १.०१२ सांगितलं होतं. यीस्ट मेलं का? अजून एक पुडी टाकू?

मंदआच
काही टाकू नका, बीअर व्यवस्थित आहे. १.०१२ हा आकडा लॅक्टोज आणि धान्य नसतानाचा होता. ३०० ग्रॅम लॅक्टोज २० लिटरमध्ये घनता जवळपास ६ अंक (म्हणजे ०.००६) वाढवतं, आणि ते पचत नसल्यामुळे सुरुवातीला वाढलेले ६ शेवटीही तसेच राहतात. धान्यातून आणखी एखादा. १२ अधिक ६ अधिक १, झाले १९. अल्कोहोल ४.२ टक्के.

पण अंदाजावर बाटल्या भरायच्या नाहीत. आज, परवा आणि त्यानंतर एकदा मोजा. तिन्ही वेळा तोच आकडा आला तर संपलं. आकडा खाली सरकत असताना भरलेली बाटली फुटू शकते, आणि काचेची बाटली फुटणं म्हणजे थेट डोळ्याशी खेळ. नमुना २० अंशांच्या आसपास असताना मोजा आणि वायूचे बुडबुडे उडू द्या, ते हायड्रोमीटर वर उचलतात.

तळगाळ
लॅक्टोजच्या बीअरमध्ये स्वच्छता दुप्पट पाळा. बीअरचं यीस्ट लॅक्टोज खात नाही, पण काही जंतू आनंदाने खातात. बाटल्या, नळी, सिरिंज, कॉफीची बरणी, सगळं निर्जंतुक द्रावणातून काढा.

ओंजळ
तीनदा मोजलं, १.०१९ कायम. उद्या भरते. बाटलीत साखर किती?

उशिराआलो
स्टाउटला वायू कमीच शोभतो. लिटरला ४.५ ग्रॅम साधी साखर, म्हणजे २० लिटरला ९०. थोड्या पाण्यात उकळून, गार करून, भरायच्या बादलीत आधी घाला, वरून बीअर नळीने शांतपणे सोडा. कॉफीचा अर्कही तिथेच. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घालत बसू नका, माप चुकतं. दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवा, मग गार जागी.

ओंजळ
कळवायचं राहिलं होतं. पेल्यांमध्ये ३ मिलीचा सगळ्यांना आवडला, म्हणून ६०० मिली अर्क घातला. दोन आठवड्यांनी उघडलेली बाटली थोडी जळकट आणि सुटी सुटी वाटली, पण काल उघडलेली, दीड महिन्याची, फार सुंदर लागली. फेस तपकिरी आणि बारीक, पेल्याच्या कडेला धरून राहतो. आधी कॉफी येते, मग भाजणीचा कडवटपणा, आणि शेवटी लॅक्टोजची किंचित गोडी. दाट आहे. हवी होती त्याच्या खूप जवळ.

पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदलायची ठरवलंय. ओट्स की कोको?

काळीसाय
अभिनंदन! ओट्स. तळगाळ यांच्या मापाने, फिक्या मॉल्टसकट. मॉल्टमधून साखर येईल तेवढा सुका अर्क कमी करा, १ किलोच्या जागी ७५० ग्रॅम. बाकी सगळं तसंच ठेवा, अगदी कॉफीसुद्धा त्याच पिशवीतली, म्हणजे ओट्सने काय केलं ते स्वच्छ कळेल. यातल्या चार-पाच बाटल्या राखून ठेवा आणि दोन्ही शेजारी शेजारी ओतून बघा.

तळगाळ
राखलेल्या बाटल्या अंधारात ठेवा. आणि फार काळ नको, कॉफीचा सुगंध तीन-चार महिन्यांत उतरायला लागतो, मग तुलना बरोबर होणार नाही.